जावईबापूंचे तीन पंखे

आमच्या जावईबापूंनी जुन्या ट्रॅव्हलर गाडीचं फिरतं घर केलं, टपावर एसी बसवला आणि भर मे महिन्यात आम्हाला पेंचला घेऊन निघाले. एसी नुसता घरघरत होता. हवा म्हणाल तर आजारी माणसाचा श्वास. त्यावर उपाय म्हणून इंटरनेटवर पाहून त्यांनी छताला तीन पंखेही लावले होते. वाटभर ‘एअरफ्लो’वर प्रवचन. जावईच तो, आपण मान डोलवायची.

मनसरला एसी चालूच ठेवून ते चहाला उतरले. एसी हवा ओढतो ती जाळी मी उघडली. आत कूलरची खस ठासून भरलेली!

“हे कोणाचं डोकं वं, भावना?” मी लेकीला विचारलं.

“ह्यांचंच. कूलरसारखा वास यावा म्हणून. तुम्ही त्यांले काही बोलू नका, बाबा.”

मी खस उपसली. गार झोत अंगावर आला. तेवढ्यात जावईबापू चढले.

“पाहा मामाजी! म्हटलं होतं ना? पंखे कसे काम करून राहिले!”

देवलापारपर्यंत प्रवचन थांबलं नाही. तिथे ते उतरताच मी खस परत कोंबली. उकाडा सोसायची मला जन्माची सवय आहे.