भांडी वाजणारं घर

"आणि इथे भांडी वाजतात का?" विष्णूभाऊंनी विचारलं.

सरावलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दलाल रोशन नळ सोडून दाखवत होता. पाणी दोन्ही वेळ येतं, भोगवट्याचा दाखला आहे, जमीन रीतसर बिनशेती झालेली आहे, सगळं सांगून झालं होतं. या प्रश्नावर मात्र त्याने नळच बंद केला. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत होती आणि फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक जण फिरून फिरून तिथेच यायचा.

"काका, देवाशप्पथ सांगतो, इथे काही म्हणजे काही जाणवत नाही. तिकडे लोक तंबूत झोपतायत, आणि इथे माणसं निवांत घोरतात!"

"अजिबात नाही वाजत?"

"चमचासुद्धा नाही."

"मग राहू दे," म्हणून विष्णूभाऊ जिना उतरायला लागले. रोशन बिचारा तोंड वासून बघतच राहिला.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याला जमना ठाऊक नव्हती.

विष्णूभाऊ डहाणू रोडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. उभी हयात क्वार्टरात गेली. त्यांच्या बायकोला, जमनाला, एकच ध्यास होता, स्वतःचं घर. रविवार आला की नवऱ्याला ओढत फ्लॅट बघायला न्यायची. बाई तरबेज झाली होती हो! दलालाला काही विचारायची नाही. समोरच्या घराची बेल वाजवून शेजारणीलाच गाठायची. "ताई, मे महिन्यात पाणी पुरतं का? पावसात भिंत ओली होते का?" मग ओट्यापाशी उभी राहून ऊन कुठून येतं ते बघायची. आणि विष्णूभाऊंचं उत्तर ठरलेलं, "बघू रिटायर झाल्यावर." झालं! क्वार्टरात परतलं की जमना भांडी आपटणार. तोंडातून चकार शब्द नाही, जे काय बोलायचं ते ताट-वाट्यांनी.

दुसरी तिची खोड म्हणजे बोलावल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असो की सख्ख्या भावाचं लग्न, साडी नेसून, गजरा माळून ती दारात उभी राहायची. पण विष्णूभाऊंनी "चल गं" म्हटल्याखेरीज उंबरा ओलांडायची नाही. मग निघाली की त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालायची.

नवरात्रात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. दिवाळी सरते न सरते तोच एका भर दुपारी मांडणीवरची भांडी खणखणली. क्वार्टरांची सगळी लाइन आरडाओरडा करत बाहेर पळाली. विष्णूभाऊ तेवढे स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीसमोर हात जोडून उभे राहिले. "चुकलं माझं, जमना," ते म्हणाले. त्यानंतर भांडी वाजतच राहिली.

"बाबा, भूकंप आहे तो," जिन्यात त्यांना गाठून नीलम म्हणाली. ही त्यांची मुलगी, वापीहून रजा टाकून आली होती. "टीव्हीवर रोज दाखवतात."

"मला कळत नाही होय? भूकंप सगळ्यांकडेच आहे. पण आपल्या मांडणीवर हात कोणाचा पडतो ते मी ओळखतो गं. एवढी वर्षं ऐकलंय मी ते."

नीलमने विचारलं, "म्हणजे आई अजून चिडलेलीच आहे?"

"चिडू दे की! आहे तर खरी. जिथे भांडीच वाजणार नाहीत, त्या घरात मी एकटा काय करू?"

विष्णूभाऊ रिटायर झाले होते आणि क्वार्टर सोडायची नोटीस हातात होती. नीलम मागे फिरली, वर गेली आणि आईसारखीच समोरच्या घराची बेल दाबली. दार सुषमाताईंनी उघडलं.

"वाजतात की!" सुषमाताई म्हणाल्या. "परवा माझी लोणच्याची बरणी फुटली. त्या मेल्याने नाही सांगितलं?"

नीलमने खाली येऊन सांगितलं तेव्हा कित्येक महिन्यांनी विष्णूभाऊंचा चेहरा खुलला. "घेऊन टाकू," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये सामान हललं. टेम्पोवाल्याची घाई, ऊन मी म्हणत होतं. नव्या ओट्याशेजारी मांडणी लागली, जमनाच्या हाताचा क्रम ठेवून भांडी लागली. पण एक वाटी हलेल तर शपथ. "थांबलं बाई एकदाचं," म्हणत सुषमाताई देवाला नमस्कार करायच्या. इकडे विष्णूभाऊ जेवण झालं की मांडणीपुढे पाट घेऊन बसायचे. कान देऊन द्यायचे तरी किती? घर झालं, आणि जिच्यासाठी केलं तिचाच पत्ता नाही, या विचाराने ते रात्रीही उठून तिथेच येऊन बसायचे.

एका सकाळी मासळीवाली बारकी बोंबील घेऊन आली. क्वार्टरांतही तीच मासळी विकायची. "काय भाऊ, काल तिकडं काय वाजली भांडी! मी पाटी टाकून पळाली."

"तिकडे? क्वार्टरात?"

"तर! इथं नाय कळलं?"

विष्णूभाऊंनी कपाळावर हात मारला. देव आणले होते, मांडणी आणली होती, जुना स्टोव्हसुद्धा आणला होता. त्या धांदलीत "चल गं" तेवढं म्हणायचं राहून गेलं होतं. ती बिचारी अजून तिथेच उभी असणार.

बोंबील तसेच ठेवून ते निघाले. क्वार्टरला कुलूप होतं. मागच्या बाजूला जाऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेशी तोंड नेलं. आत नुसती ओकीबोकी भिंत, मांडणीच्या जागी खिळ्यांची भोकं.

"जमना, घर झालंय," ते म्हणाले. "ओट्यावर सकाळचं ऊन येतं. रागावू नकोस. चल गं."

स्टेशनबाहेर ते शेअर रिक्षात बसले. "काका, सरका जरा, एक बसेल अजून," रिक्षावाला म्हणाला.

"बसलंय," विष्णूभाऊ म्हणाले. "दोघांचे पैसे घे."

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, दार पुरतं उघडलं आणि भिंतीला टेकून बाजूला उभे राहिले. समोरून सुषमाताईंनी विचारलं, "कोणी येतंय का काका?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. थोडा वेळ तसेच थांबले. मग चपला काढल्या आणि दोन पावलं अंतर ठेवून आत गेले.