पाच वेळा तेच पद

हरणाबाईंचं गाणं थांबलं त्याला तेरा वर्षं झाली होती. सांगलीची नाटक कंपनी बंद पडली, त्याच साली कंपनीत ऑर्गन वाजवणारे त्यांचे यजमान गेले, आणि लोक भेटायला आले तेव्हा हरणाबाई कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा करून देत राहिल्या. तेव्हापासून त्या साताऱ्यात बहिणीच्या मुलाकडं, कृष्णातकडं राहत होत्या. भाजी निवडायच्या, गिरणीवर दळण न्यायच्या. कुणी विचारलं तर "बरं हाय" म्हणायच्या. वाईट काही नव्हतं, चांगलंही काही नव्हतं.

कृष्णात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्यानं मावशीच्या कंपनीत, विंगेत बसून काढलेल्या. त्यामुळं डोक्यात पदं ठासून भरलेली. मक्तेदारी शिकवताना तो नाटकातल्या मग्रूर राजाचं पद म्हणायचा, पर्यायी वस्तू शिकवताना राणी रुसली म्हणून दासीकडं वळणाऱ्या नायकाचं. आवाज बेताचाच, पण पोरं त्याचा तास चुकवायची नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात एके दिवशी तो म्हणाला, "मावशी, शनिवारी माझ्या वर्गावर चल. एक पद म्हणायचंय."

"कुठलं?"

"राणी वनवासाला निघते ते. चार-चार वन्समोअर पडायचे त्याला."

"बरं," हरणाबाई म्हणाल्या. दळण आणायला सांगितलं असतं तरी त्या तेवढंच म्हणाल्या असत्या.

शनिवारी फळ्याशेजारी खुर्ची मांडली होती, समोर कुणाची तरी मागून आणलेली पेटी. हरणाबाईंनी सूर धरला. आवाजाला गंज चढला होता, पण सूर जिथं लागायचा तिथंच लागला. "उंबऱ्याशी अडली पावलं" ही ओळ आली तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली. पद संपलं, टाळ्या पडल्या, "वन्समोअर" झालं.

"थांबा," कृष्णात हसत म्हणाला. "आधी वहीत दहापैकी गुण लिहा. किती आवडलं? मग पुन्हा ऐकू."

असं पाच वेळा झालं. दरवेळी कृष्णात वह्या बघून सरासरी काढायचा आणि फळ्यावर लिहायचा. नऊ. आठ. सहा. चार. पाचव्या खेपेला एका पोरानं उघड जांभई दिली. कृष्णातनं दोनाचा आकडा लिहून खाली रेघ मारली.

"हाच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम! तीच वस्तू लागोपाठ मिळत गेली की प्रत्येक वेळचं समाधान आधीच्यापेक्षा कमी."

हरणाबाईंनी मान वळवून आकडे वाचले. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर माणूस गालाला बोट लावून बघतो, तसं त्यांनी आत चाचपून पाहिलं. काही जाणवलं नाही.

घरी जाताना कृष्णातच अस्वस्थ झाला. "मावशी, राग नाही ना आला? ते आकडे तुझ्या गाण्याचे नव्हते गं."

"राग कशाचा? दोन तर दोन. पोरं खोटं कशाला लिवतील?"

हरणाबाई घरी जाऊन गवार मोडायला बसल्या.

सोमवारी दुपारी हरणाबाई पुन्हा गवार मोडत बसल्या असताना दारात एक मुलगी आली. कृष्णातच्याच वर्गातली जैनब, रहिमतपूरच्या शिंप्याची लेक. रोज एसटीनं येऊन-जाऊन शिकायची. आत येऊन बसली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "आवं बाई, मी पाची वेळा दहाच लिवलं हुतं. सरांनी धरलं न्हाई. म्हणाले, नियमात बसत न्हाई."

"पाची डाव दहा? का गं?"

"सारखं कुठं हुतं ते? दुसऱ्यांदा तुमी 'पावलं'वर लय थांबला. तिसऱ्यांदा थांबलाच न्हाई. चवथ्याला वाटलं, राणी आता जातच न्हाई. आन् पाचव्याला ती गेलेलीच हाय, नुसता आवाज मागं राहिलाय."

हरणाबाईंचा हात गवारीवरच राहिला. आपण पाच तऱ्हेनं म्हटलं हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"पाचव्यांदाचं कसं म्हटलं मी?" त्यांनी विचारलं. "म्हणून दाव."

जैनब लाजली, मग खाली बघत गाऊ लागली. आवाज स्वच्छ होता. एका जागी सूर घसरला आणि हरणाबाईंची थाप आपोआप फरशीवर पडली.

"न्हाई! तितं उतरू नगंस. परत घे."

कृष्णात कॉलेजातून आला तेव्हा ती ओळ बहुधा विसाव्यांदा चालली होती. दारातच चपला काढत तो थबकला. गाणं थांबल्यावर ओशाळून म्हणाला, "जैनबचे गुण मी सोडून द्यायला नको होते."

"ऱ्हाऊ दे. परीक्षेत तिला तुजाच नियम लिवायचाय," हरणाबाई म्हणाल्या आणि जैनबकडं वळल्या. "चल, घे."

चारची एसटी चुकली. साडेपाचच्या गाडीला सोडायला हरणाबाई स्वतः स्टँडवर गेल्या. आनंद झाला का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. गाडी हलली तशा त्या खिडकीसोबत दोन पावलं चालल्या.

"येत्या सोमवारी दोनला ये," त्यांनी बजावलं. "आन् ताक पिऊन येऊ नगंस, गळा धरतो."