निरोगी माणसाचा डाग

प्रयोगशाळेत त्याला सगळे कागदवाला म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. कित्येक दिवस तो एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला होता: गरिबाला परवडेल अशी रक्त तपासायची चकती. खाली कागद, वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, आणि कागदावर मेणानं आखलेली बारीक वाट. थेंब टाकला की रक्त त्या वाटेनं सरकत टोकाच्या गोलात जाऊन बसतं. डाग गडद, तर रक्त सकस. फिका, तर डॉक्टर गाठायला हवा. फिका कशाला म्हणायचं, ते सोबतच्या रंगांच्या कार्डाशी ताडून ठरवायचं.

पुस्तकातल्या आकड्यांवरून त्यानं एक कच्चं कार्ड रंगवलं होतं; ते पक्कं करायचं तर निरोगी माणसाचा डाग हवा. तो कुठं शोधत बसायचा? घरात बायको होतीच. तिला कधी काही झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, एवढंच खरं. सकाळी चहा गाळून झाला की ती बिनतक्रार बोट पुढे करायची, आणि टोचून झालं की ओट्याला टेकून जराशी उभी राहायची.

कार्डाशी ताडला की डाग येई तो फिकाच. कागदवाल्यानं आधी कागदाला शिव्या घातल्या, मग मेणाला, मग डिंकाला. पापुद्रा पुन्हा पुन्हा बदलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यानं तर अख्खं अंगण उकरून काढलं. शेवटी वैतागून त्यानं कार्डच बदललं. बायकोचा डाग जिथं येतो, तिथून 'निरोगी' सुरू. मग सगळं कसं छान जुळलं, आणि गडी खूश झाला.

चकत्या रुग्णालयात गेल्या, तिथल्या मोठ्या यंत्राशी पडताळून बघायला. रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. पांढऱ्याफटक पडलेल्या बायकांनाही त्याची चकती निरोगी ठरवतेय म्हणून त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"हे कार्ड कुणाच्या रक्तावर बेतलंय?"

"बायकोच्या," तो म्हणाला.

"मग आधी तिला घेऊन या."

यंत्रावर तिचं रक्त हवं त्याच्या जेमतेम निम्मं भरलं. हे आजचं दुखणं नाही, बाई म्हणाल्या, आणखी हयगय केली असती तर हृदयावर आलं असतं. चकती पहिल्यापासून खरं तेच सांगत होती. कागदवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज भिंग लावून त्यानं तिचा डाग पाहिला होता. जिन्यात ती दम खात बसली की मात्र हा वरून "चल गं लवकर" म्हणून हाका मारायचा.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं, कार्ड बदलल्याचंसुद्धा. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे हा आजार आहे?" तिनं विचारलं.

"हो."

"औषधानं जाईल?"

"जाईल म्हणाल्यात."

तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं. मला वाटलं होतं, आता मी अशीच झालेय."

त्याला मान वर करवेना.