बापाच्या हयातीत काढलेली मिशी

पंतप्रधान वारले तेव्हा परंड्याच्या बब्रुवानांचा बलभीम फ्रान्सात शेतकी शिकत होता. देशाला सुतक आलं म्हणून त्यानं तिथं मिशीसकट डोकं भादरलं आणि तसलाच फोटो घरी धाडला.

"बाप जिता असताना मिशी काढतंय येडं," बब्रुवान करवादले. बलभीमच्या आईनं, मथुराबाईंनी मात्र कौतुकानं नुसता तो फोटो येडशीला नणंदेकडं पाठवला.

दोन दिवसांनी नणंद, कडूबाई, पिठलं-भाकरीचं गठुडं घेऊन रडत दारात आली. दार बब्रुवानांनीच उघडलं.

"मी जिता हाय की," ते म्हणाले.

कडूबाईनं डोळे पुसले. "असाल, दादा. पण दुखवट्याची भाकरी माघारी नेत न्हाईत."

बब्रुवान जेवायला बसले. दुसऱ्या घासाला म्हणाले, "कडू, माझ्या दुखवट्याला तरी मीठ नीट घालायचं."