काचेच्या पेटीतला झिवको

कामठ्याच्या शामकलाबाईंचा मुलगा खुशाल पाच वर्षांपासून स्लोव्हेनियात ट्रक चालवत होता. बायको तिकडचीच. दोन लेकरं जन्मताच गेली. तिसरं सातव्या महिन्यात झालं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा शामकलाबाईंनी फोनवर बजावलं, "पेटीतून निघेपर्यंत नाव ठेवू नोको. कोनी विचारलं तर कचरू म्हन."

ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथं असंच करायचं. सुपात कोंडा घालून त्यावर बाळ ठेवायचं आणि सूप उकिरड्यापर्यंत ओढत न्यायचं. टाकून दिलेल्या लेकराकडे मरण वळून पाहत नाही, असा समज.

"माय, नाव तं ठेवलं सासऱ्यानं. झिवको."

"त्या बुढ्याले कायची घाई होती?" त्यांनी फोन थोरल्या मुलाच्या लेकीकडे, भूमिकाकडे, सरकवला.

नववीतल्या भूमिकानं शोधून वाचलं. "आजी, तिकडं 'झिव' म्हणजे जिवंत. आपल्या 'जीव'सारखंच. लेकरू जगावं म्हणून ठेवायचे हे नाव. लई जुनं आहे."

"म्हंजे तिकडंही लेकरं जात होते?"

"जातच असतील ना."

शामकलाबाईंना उमगलं. तो बुढाही आपल्यासारखाच भ्यालेला होता तर.

दुपारी त्यांनी सुपात कोंडा घेतला, वर बाळासाठी शिवलेलं टोपडं ठेवलं आणि सूप ओढू लागल्या. शेजारच्या सुशीलाबाईंनी हटकलं, "काऊन वो, लेकराबिगर सूप वढून राहिली?"

"लेकरू येऊ शकत नाही. टोपडं तं जाते."

"मंग उकिरड्याले नाव कोनतं सांगशीन? कचरू का इंग्रजी?"

"दोनी सांगतो. ज्याले जे पटन ते."

तिसऱ्या दिवशी खुशालचा फोन आला. लेकरू पेटीतच गेलं होतं.

"माय, कबरीवर नाव लिहायचं विचारून राहिले. मी म्हटलं, राहू द्या. असं नाव तिथं कसं लिहू?"

बारशाआधी गेलेलं लेकरू गावात नावाविनाच पुरतात. शामकलाबाईंनी स्वतःची दोन तशीच पुरली होती. त्या लेकरांना हाक कशी मारावी, हे त्यांना आजही ठाऊक नव्हतं.

"लिव," त्या म्हणाल्या. "झिवकोच लिव."

फोन ठेवल्यावर त्यांनी भूमिकाला ते नाव नीट म्हणून दाखवायला सांगितलं. भूमिकानं सावकाश, तोडून तोडून शिकवलं. त्यांच्या तोंडात ते बसलं तेव्हा ऊन कललं होतं, आणि त्या नावानं बोलवायला कोणी उरलं नव्हतं.