डॉक्टर एवढंच म्हणाले

…बाटली शिऊनाच्या टेबलावर होती. माशाचा आटवलेला तपकिरी रस गळ्यापर्यंत भरलेला, झाकणावर दोऱ्याने आवळलेलं फडकं — म्हणजे उत्तरेकडच्या बेटावरची, म्हणजे नझीमाच्याच बेटावरची. शिऊना कामाला लागून चार महिने झाले, आणि पेशंटांनी तिला प्रेमाने आणून दिलेली ही अकरावी. नझीमा मोजत नव्हती. तिला नुसतं माहीत होतं.

अठरा वर्षं कोलंबोतल्या आपल्या देशाच्या या दूतावासात ती बेटांवरून उपचारांसाठी येणाऱ्या माणसांना हॉस्पिटलात नेत होती, डॉक्टरांचं बोलणं त्यांना आपल्या भाषेत सांगत होती. राजदूत सहा बदलले, तिची खुर्ची तीच. आणि ही शिऊना, कालची पोरगी, जिला अजून बसचा नंबर विचारावा लागतो… हसते मात्र छान. दात आहेत म्हणून हसते.

बाकावर हव्वामावशी बसली होती — आईच्या शेजारची, जिने नझीमाला कडेवर खेळवलं होतं. आज तिच्या पोटातल्या गाठीचा निकाल. नझीमाने फाइल घेतली, छत्री घेतली.

"तू बस गं," मावशी म्हणाली. "ती धाकटी येतेय माझ्याबरोबर."

"का? मी परकी झाले वाटतं? का तिचा पायगुण चांगला आहे?"

"परकी असतीस तर बोललेच नसते." मावशीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "गेल्या साली आमच्या ह्यांना, तुझ्या काकांना, तूच नेलंस. डॉक्टर अर्धा तास बोलला. तू सांगितलंस, गोळ्या घ्या, घरी जा, आराम पडेल."

"अहो मावशी, डॉक्टरांनी…"

"गेलो घरी. थोरला जहाजावर होता, त्याला कळवलं नाही. म्हटलं, पोराची नोकरी कशाला मोडा. तो आला तेव्हा माती होऊन नऊ दिवस झाले होते." आवाजात राग नव्हता; राग असता तर त्याला नझीमाकडे उत्तरं होती. "माझ्या वेळेला मला सगळं ऐकू दे."

मावशी आणि शिऊना फाटकाबाहेर पडल्या. मावशीचा हात त्या पोरीच्या दंडावर — किती सहज.

काकांचे तीन महिने उरलेत, असं म्हणाले होते डॉक्टर. ते तीन महिने तिने जिभेखाली ठेवले, कारण काका तिच्याकडे बघून हसत होते… कारण गोड बातमी सांगणाऱ्या बाईला लोक विसरत नाहीत. हे दुसरं कारण तिला आजच दिसलं. मग आणखी कुणाकुणाचे महिने? अठरा वर्षांतले चेहरे एकेक करून बाकावर येऊन बसू लागले, आणि सगळे तिचे आभार मानत होते.

आता त्या हॉस्पिटलाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या असतील. डॉक्टर चष्मा काढतील. पोरीने सगळं नीट सांगावं, मावशीसाठी तरी सांगावं, असं ती मनात म्हणत होती, आणि म्हणतानाच खालून दुसरं काहीतरी वर येत होतं — तिचीही जीभ अडखळावी, तिनेही अर्धंच सांगावं, म्हणजे मग मी एकटीच तशी नाही… नझीमाने ती इच्छा दाबून पाहिली. दबेना. उलट तिला शिऊनाचा आवाज ऐकू येऊ लागला, मऊ, थेट आपल्यासारखा, गोळ्या घ्या, घरी जा, आराम पडेल म्हणणारा, आणि तिला फार बरं वाटलं.