उघडा तळहात

शिवाप्पा रोज सकाळी आंघोळ उरकून उचगावच्या घरामागच्या पडवीत बसायचा. गळ्यातली चांदीची डबी उघडायची, आतलं सुपारीएवढं काळंभोर लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांना हातावरचं वजन कळायचं. तेवढंच त्याचं देऊळ. त्याची आई, अव्वा, निपाणीकडची. जात्यावर बसली की म्हणायची,

तळहाताचं देऊळ गं, त्याला भिंत ना दार
पाच बोटांची पायरी, उभा शिव निराकार

अव्वा गेली, जातं गेलं. ओवी तेवढी त्याच्या हातात राहिली.

उसाचा हंगाम संपून कारखाने थंडावले की शिवाप्पाच्या टोळीचं काम सुरू व्हायचं. रस आटवायच्या उंच भांड्यांत शेकडो नळ्या. हंगामभरात त्यांना आतून दगडासारखा थर धरतो. ट्रेलरवरचा पंप चालू करायचा, जाड पायपातनं पाणी सोडायचं आणि लांब दांड्याच्या टोकाची सुईसारखी धार नळीत घालून थर फोडायचा. खाली साचलेला काळा राडा फावड्यानं उपसून बाहेर टाकायचा. दांड्यावर शिवाप्पा, पंपावर त्याच्याच वयाचा गुंडू, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मुकादम कृष्णात.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कृष्णातनं पहिल्यांदाच हातमोजे आणले.

"घ्या पावणं, जावयाचा आहेर! म्हशीचं कातडं हाय, धा वर्सं फाटायचं न्हाय."

शिवाप्पानं उजवा मोजा चढवला. डावा नुसता हातात धरून बघत राहिला. ज्या तळव्यावर सकाळी देव बसला त्यावर लगेच कातडं चढवायचं त्याच्या जिवावर आलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. आपल्याच मनानं धरलेला नेम. त्यानं डावा मोजा कमरेला खोचला.

"का रं शिवाप्पा, डाव्या हातासंगट भांडाण झालंय व्हय?"

"घाम येतोय त्येच्यात."

"मग उजव्याला काय पंखा बसवलाईस?" गुंडू म्हणाला, आणि सगळं हसण्यावारी गेलं. कृष्णातनं पुन्हा विचारलं नाही. शिवाप्पानं पुन्हा सांगितलं नाही.

त्या उघड्या हाताचा पुढं सगळ्यांना उपयोगच होऊ लागला. जाड मोज्यात बोटांना काही कळत नाही. नट घट्ट बसलाय का, पाईप जास्त थरथरतोय का, काही चाचपायचं असलं की हाक यायची, "शिवाप्पाला बोलवा, त्येचा हात उघडा हाय."

पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या पुढं, धारेतला जोर गेला.

"दाब पडतोय," गुंडू पंपाजवळनं ओरडला. "पाईप कुठंतरी गळतोय."

"बंद कर की मग," शिवाप्पा म्हणाला.

"बंद केल्यावर गळती घावंल का? चालू हाय तवर बघ हात फिरवून."

शिवाप्पा खाली बसला. बैलाच्या पायातला काटा शोधावा तसा डावा तळवा पायपावरनं हळूहळू फिरवत गेला. पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी काहीतरी चावलं. मुंगी असंल, असं वाटलं. हात उलटून पाहिला तर सुईच्या टोकाएवढं भोक. रक्ताचा थेंबसुद्धा धड नाही.

"घावली रं," तो म्हणाला. गुंडूनं पंप बंद केला.

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं?"

"पाणी."

डॉक्टर हसले. "पाणी लागतं होय कुणाला?" त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पट्टी लावली. पाणी कसलं, हे त्यांनी विचारलं नाही. सोबत आलेल्या कृष्णातनंही सांगितलं नाही. दुपारी शिवाप्पा पुन्हा दांड्यावर उभा राहिला. दोन बोटं आपली नसल्यासारखी झाली होती.

"दुकतंय का?" कृष्णातनं विचारलं.

"न्हाय. बधिर हाय नुसतं."

"मग बरंच हाय की."

घरी बायकोनं, शांतव्वानं, हळद लावली. हात सुजत होता, पण दुखत नव्हता, आणि न दुखणाऱ्या हाताची काळजी करायची घरात रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि दचकून उघडले. पडलं की काय! पडलं नव्हतं. जागेवरच होतं. नुसतं वजन कळत नव्हतं. दोन्ही बोटं निळी पडून कणसासारखी टरारली होती.

"अवो, उठा," शांतव्वा म्हणाली, आणि तिनं रिक्षा आणली.

कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भोक पाहिलं, मग विचारलं, "पाण्याला दाब किती होता?"

"आकडा म्हाईत न्हाय बाई. दगूड फुटतोय त्येनं."

बाईंचं पेन थांबलं. "कधी लागलं?"

"काल सकाळी."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. कुणाला रागवावं ते त्यांना कळेना असं दिसलं. "बाहेरून भोक एवढंच. आत पाणी घाणीसकट पार कोपरापर्यंत फाडत गेलंय. सहा तासांत यायला पाहिजे होतं. बोटं राहणार नाहीत."

शिवाप्पानं ऐकलं. कुणा दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलणं चाललंय असं त्याला वाटत होतं. त्यानं एकच विचारलं,

"तळवा ऱ्हाईल का?"

"प्रयत्न करते."

तळवा राहिला. दोन बोटं गेली, आणि तळव्यातली जाण गेली ती आलीच नाही.

महिन्यानं कृष्णात घरी आला. त्यानं चहाची बशी बाजूला सारली आणि पिशवीतनं नवे मोजे काढून ठेवले. "शांतव्वानं सांगितलं मला सगळं. हे रबराचं हायती, कातडं न्हाय. एक सबूद बोलला असतास, तर तवाच आणलं असतं की रं. आता चालू पायपाला कुणी हात लावला तर त्येला घरला धाडतोय."

"त्वा ईचारलं न्हाईस," शिवाप्पा म्हणाला. "मी सांगितलं न्हाय. च्या पी, निवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत बसला. डबी उघडली. उरलेल्या तीन पायऱ्यांच्या देवळात लिंग ठेवलं, भस्म लावलं, पान वाहिलं. डोळे मिटले. हातावर काही नव्हतं. उघडले, होतं. पुन्हा मिटले, पुन्हा नव्हतं. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, म्हणून शांतव्वा उंबऱ्यातच बसून होती.

"शांते," त्यानं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "हाय का गं?"

"हाय."

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"हाय?"

"हाय की," ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.